नकोचा घरचा अर्थ

माझ्या बायकोला जठर नाही. मिरजेला साडेसहा तास ऑपरेशन चाललं आणि डॉक्टर मुजावर मॅडमनी ते पूर्णच काढून टाकलं, कारण कॅन्सर त्यात वरपासून खालपर्यंत पसरला होता. मग त्यांनी लहान आतड्याचा तुकडा वर ओढून अन्ननलिकेला जोडला. आता रत्नानं घास गिळला की तो थेट आतड्यात. मध्ये कुठं थांबाच राहिलेला नाही.

आणि मी धंद्यानं केटरर. देवाला कधी कधी फार वाईट विनोद सुचतात.

सांगली जिल्ह्यात भालचंद्र तोडकर म्हटलं की लोकांना पंगत आठवते. हल्ली लग्नात चाकाच्या ट्रॉल्या आपोआप फिरतात. ताटाजवळ थांबतात, गोड आवाजात विचारतात आणि पाहुणा नको म्हणाला की पुढे निघून जातात. तशा लग्नांतून माणसं अर्धपोटी घरी जातात आणि वर्षभर यजमानाला नावं ठेवतात. म्हणून ज्याला नाव टिकवायचं असतं तो अजून मला बोलावतो. माझ्या पंगतीत आग्रह असतो. वाढप्याला मी पहिल्या दिवशी एकच धडा देतो: पहिलं नको म्हणजे रीत, दुसरं नको म्हणजे शेजारचा बघतोय, तिसरं नको आलं की मात्र हात मागे घ्यायचा. तीस वर्षं मी या धड्यावर भाकरी खाल्ली. तो चुकीचा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ऑपरेशननंतर रत्ना घरी आली तेव्हा तिचं वजन साडेचाळीस किलो होतं. एके काळी गव्हाचं पोतं एकटीनं सरकवणारी बाई ती. दिवसातून सात वेळा, थोडं थोडं, चावून चावून खायचं, असं सगळं लिहून दिलं होतं. पण ती खायचीच नाही. मी वरणभात कालवून समोर ठेवायचो आणि ती भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखी त्याच्याकडे बघायची.

"अहो, जात नाही हो. इच्छाच नाही," ती म्हणायची.

"इच्छा कशाला लागते? औषध समजून खा."

"औषध एक गोळी असतं. ही वाटी आहे."

तपासणीला गेलो तेव्हा मी मॅडमकडे तक्रारच केली, की ही हट्टीपणा करते. मॅडम माझ्यावरच उखडल्या. त्यांनी कागदावर जठराचं चित्र काढलं आणि वरच्या फुगीर भागाला पेन लावलं. "तोडकर, भूक ही काही मनाची गोष्ट नाही. या भागात घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं. जेवणाची वेळ झाली की ते रक्तात वाढतं आणि मेंदूला सांगतं, आता खायला हवं. गळ्यातून पोटाकडे एक लांब मज्जातंतू जातो, त्यावरूनही ही बातमी जाते. हा भागच मी काढून टाकलाय. बातमी देणाराच उरला नाही, तर तुमच्या बायकोला भूक कळणार कशी? काही महिने ती कळणारच नाही. काहींना वर्ष लागतं."

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. केमोचे चार डोस बाकी होते. ते पूर्ण झाले तर रोग परतण्याची शक्यता बरीच कमी होणार होती. पण चोवीस तारखेला वजन बेचाळीस किलो नसेल तर ते डोस शरीराला झेपणार नाहीत आणि मॅडम ते देणार नाहीत. म्हणजे दीड किलो, आणि हातात बावीस दिवस.

दीड किलो! मी एका पंगतीत दीड क्विंटल तांदूळ शिजवतो. आणि घरच्या एका माणसाच्या अंगावर दीड किलो चढवायचं म्हटलं तर मला एक पदार्थ सुचेना.

त्यावर मॅडमनीच उपाय सांगितला. त्या वर्षी मिरजेत तो नुकताच सुरू झाला होता. गव्हाच्या दाण्याएवढं एक यंत्र मानेत कातडीखाली, त्या लांब तंतूजवळ बसवायचं. ते विजेचे अगदी बारीक ठोके देतं आणि मेंदूला वाटतं की खालून भुकेची बातमी आली. भूक शून्यापासून पाचापर्यंत कमीजास्त करता येते. दंडावर एक पट्टी असते, ती रक्तातली साखर बघते. आणि जेवणाच्या टेबलावर एक छोटी पेटी असते, जी प्रत्येक खाण्याआधी रोग्याला विचारते. रोग्याच्या संमतीशिवाय भूक वाढवायची नाही असा नियमच होता.

"यंत्र फक्त भूक देतं," मॅडम म्हणाल्या. "काय खायचं आणि किती, ते तुम्ही सांभाळायचं."

दुसऱ्याच दिवशी यंत्र बसलं. चार दिवसांनी कंपनीची केतकी नावाची मुलगी पुण्याहून पेटी घेऊन आली. रत्ना दुपारची झोपली होती. केतकीनं पेटी चालू केली तेव्हा आतून बाईचा मऊ आवाज आला: "भूक एकवर आहे. वाढवू का?"

मी हसलोच. आमच्या धंद्यातला 'वाढू का?' आणि यात एका 'व'चा काय तो फरक.

"काका, एक अडचण आहे," केतकी म्हणाली. "आमचं यंत्र आधी बाहेरच्या देशांत चाललं. तिथं माणूस नाही म्हणाला की नाही. इथं आणलं तर सगळे रोगी नकोच म्हणायला लागले. सवयीनं. यंत्रानं ते खरं मानलं आणि दोन पेशंट उपाशीच राहिले. म्हणून आता आम्ही 'घरचा अर्थ' म्हणून एक सोय दिलीय. तुमच्या घरात नको म्हणजे नक्की काय, ते पेटीला शिकवायचं."

"पुण्याच्या माणसाला नको म्हणजे काय ते शिकवायला लागतंय होय? तुमच्याकडं तर विचारायचीच पद्धत नाही."

ती बिचारी हसली. "सांगा की काका. काकूंचं नको किती वेळा खोटं असतं?"

मी काय सांगितलं असेल ते कुणीही ओळखेल. पहिलं मोजायचं नाही, दुसरं मोजायचं नाही, तिसरं खरं. प्रत्येक खोट्या नकोला भूक एक आकडा वर, खऱ्या नकोला परत एकवर. केतकीनं ते पेटीत भरलं आणि पडद्यावर माझा अंगठा घेतला. मग तिनं विचारलं, "यावर काकूंचीही संमती लागते. त्यांना सांगितलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

सांगितलं नव्हतं. उठवून सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि ते कितवं नको धरायचं हे मला ठरवता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी रत्नानं स्वतःहून स्वयंपाकघरात येऊन टोपाचं झाकण उचललं. "पिठलं केलंत? वास आला." मी पळी हातात तशीच धरून उभा राहिलो. दोन महिने ती अन्नाचा वास आला की तोंड वाकडं करायची, आज ती त्या वासानं चालत आली होती. तिनं मऊ भात आणि पिठलं खाल्लं, सावकाश, अर्धी वाटी. मग म्हणाली, "अजून थोडं." मला रडूच आलं. ते लपवायला मी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला.

रोज असंच व्हायचं. पेटी विचारायची, "वाढवू का?" रत्ना म्हणायची, "नको गं बाई." पेटी म्हणायची, "बरं." मिनिटभरानं परत, "वाढवू का?" "नको म्हटलं ना." "बरं."

"किती विचारते ही! तुमच्यावरच गेलीय," रत्ना मला म्हणायची.

आणि केतकीनं जोडून दिलेल्या माझ्या फोनवर आकडा दिसायचा. एक. दोन. तीन. पंगतीत आम्हीही बरं बरं म्हणतच वाढत असतो. तिला वाटायचं बरं म्हणजे थांबली.

वजन वाढायला लागलं. एकेचाळीस, एकेचाळीस पूर्णांक दोन, मग साडेएकेचाळीस. रत्नानं तासगावला बहिणीला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो. "अगं, यंत्र मी एकवरच ठेवलंय. ते विचारतं, मी नकोच म्हणते. तरी मला सपाटून भूक लागते! म्हणजे ही माझी आहे. माझी स्वतःची. शरीर परत यायला लागलंय बघ. मी नाही जात आता एवढ्यात."

त्याच वेळी बाहेर जाऊन तिला सांगायला हवं होतं. मी हातातल्या टॉवेलची घडी मोडली आणि परत घातली. पुन्हा मोडली. मला वाटलं, वजन वाढतंय, ती हसतेय, चोवीस तारीख होऊन जाऊ दे. भल्यासाठी बोललेलं खोटं चालतं, असं आम्ही आपल्या सोयीनं म्हणत असतो.

दहाव्या दिवशी तिला गव्हाची खीर खावीशी वाटली. आमच्याकडची, गुळाची, खसखस आणि सुंठ घातलेली. गोड दोन चमच्यांच्या वर नको असं मॅडमनी तांबड्या पेननं लिहून दिलं होतं. मी दोन चमचे वाढले. तिनं ते संपवले आणि वाटी पुढे केली. मी आणखी दोन वाढले. तिनं परत वाटी पुढे केली. मागून घेणाऱ्याला मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. वाटी भरली.

पेटीनं तिला आधी विचारलं होतं. रत्नानं पहिलं नको म्हटलं, दुसरं म्हटलं आणि तिसऱ्याला तिनं ताटावर हात आडवा धरला. ती लहानपणापासून तसंच करते. तिच्या माहेरी तिसरं नको तोंडानं म्हणणं उद्धटपणाचं समजतात, तिथं हात आडवा आला की वाढणारा पुढे जातो. हे मला बत्तीस वर्षं माहीत होतं. केतकीला सांगताना ते माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि पेटीला कान होते, डोळे नव्हते. उत्तर आलं नाही म्हणून तिनं भूक तीनवरच ठेवली.

जठर असतं तर त्यानं ती खीर धरून ठेवली असती आणि थोडी थोडी खाली सोडली असती. इथं सगळा गूळ एकदम आतड्यात उतरला. तो पातळ करायला शरीरानं रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं. दहा मिनिटांत रत्ना घामानं डबडबली. "छातीत धडधडतंय," एवढंच म्हणाली आणि फरशीवर आडवी झाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. दंडावरची पट्टी लाल झाली. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसलो आणि मॅडमना फोनवर काय काय बरळलो ते मला आठवत नाही. मला एवढंच कळत होतं की मी हिला मारली.

तासाभरानं ती सावरली. दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला मॅडमसमोर बसलो होतो. मॅडमनी यंत्राची नोंद पडद्यावर काढली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वहिनी, तुम्ही एकवर ठेवलंय म्हणालात ना? इथं प्रत्येक जेवणाला तीन दिसतंय."

"नाही हो मॅडम. मी प्रत्येक वेळी नको म्हणते."

मॅडमनी आणखी एक पान उघडलं आणि वाचलं: "घरचा अर्थ. पहिलं नको, मोजू नये. दुसरं नको, मोजू नये. शिकवणारा, भालचंद्र तोडकर. रोग्याची संमती घेतली असल्याचं तोंडी सांगितलं."

रत्ना माझ्याकडे वळली नाही. पडद्याकडेच बघत राहिली. मग मॅडमना म्हणाली, "शून्य करा."

घरात आल्यावर मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. "रत्ना, चुकलं माझं. एवढी चूक पोटात घाल."

"कुठल्या पोटात?" ती म्हणाली.

एरवी या वाक्यावर आम्ही दोघं दिवसभर हसलो असतो.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "एक खरं सांगा. त्या दहा दिवसांत माझी अशी एक तरी भूक होती का? एका वेळची तरी?"

मी फोन काढला. सत्तर खाण्यांची नोंद होती. एकेक ओळ खाली सरकवत गेलो. मला एक तरी हवी होती, एखादी दुपार, एखादं पिठलं, जिथं आकडा एकच्या वर गेला नसेल आणि तिनं खाल्लं असेल. खोटं बोलणं सोपं होतं, तिनं काही फोन हातात घेऊन बघितला नसता.

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

तिनं मान हलवली. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "बहिणीला मी सांगून बसले की मी जगणार म्हणून," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पुढचे दोन-तीन दिवस ती घड्याळाकडे बघून जेवली. भूक नसताना, चव नसताना, एकेक घास मोजून. मला वाढू दिलं नाही. स्वतःच वाटीत घ्यायची, खायची आणि वाटी विसळून ठेवायची. ज्यानं हजारो माणसांच्या पानात वाढलं तो मी समोर हात मांडीवर ठेवून बसायचो, आणि तिला त्याचीही अडचण व्हायची हे कळलं तेव्हा बाहेर व्हरांड्यात बसायला लागलो. वजन एकेचाळीस पूर्णांक तीनवर आलं आणि तिथंच थांबलं. तारीख आली एकोणीस.

वीस तारखेला मॅडमनी बोलावलं. घरचा अर्थ त्यांनी कायमचा पुसला होता. आता पेटी विचारणार नव्हती. भूक वाढवायची तर रत्नाच्या फोनवर तिचाच अंगठा लागणार होता, दुसऱ्या कुणाचाही चालणार नव्हता. "वहिनी, दोष भुकेचा नव्हता," मॅडम म्हणाल्या. "खिरीचा होता, आणि तुम्हाला अंधारात ठेवण्याचा. दोनवर ठेवून अंडी, दही, मऊ भात असं खाल्लंत तर चार दिवसांत अजूनही जमू शकतं. पण घाई नाही. घरी जाऊन ठरवा. लावायचं नसेल तर तेही मला मान्य आहे. केमो नाही घेतली म्हणून कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

दुपारी आम्ही टेबलाशी बसलो. रत्नाचा फोन मध्ये होता आणि त्यावर मोठं शून्य.

"मला कंटाळा आलाय," ती म्हणाली. "उसन्या भुकेनं जेवायचं, मग ती केमो, मग परत उलट्या. कशासाठी, ते कधी कधी कळत नाही. तुम्ही काय म्हणता?"

माझ्या जिभेवर शंभर गोष्टी होत्या. त्या सगळ्या मी गिळल्या. मी स्वतःला बजावलं होतं की आता हिच्या कशातही मध्ये पडायचं नाही.

"तुझं तू ठरव," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. इतकी चिडलेली मी तिला त्या दवाखान्यातही बघितली नव्हती.

"मी ठरवू? अहो, दहा हजार माणसांचे हात धरलेत तुम्ही, एक जिलेबी खा म्हणून! लोकांच्या गळ्यात पडलात. आणि मी समोर बसून विचारतेय, जगू का नको, तर तुझं तू ठरव?"

"मला वाटलं, मी काही बोललो तर परत जबरदस्ती होईल. परत तेच होईल."

"चोरून वाढणं वेगळं आणि समोर बसून म्हणणं वेगळं. तीस वर्षं धंदा केलात, एवढं कळेना? ठरवणार मीच आहे. अंगठा माझाच लागतो. पण तुम्हाला मी हवी आहे की नाही, ते मला कळायला नको?"

खुर्ची मागे सारून मी तिच्या बाजूला जाऊन जमिनीवरच बसलो, आमचे पाहुणे बसायचे तसा मांडी घालून.

"हवी आहेस," मी म्हणालो. "रत्ना, मला तू हवी आहेस. उलट्या झाल्या तर मी भांडं धरीन. केस गेले तर गेले. मला तुझ्याशिवाय या घरात जेवायचं नाही. चार डोस घे. माझ्यासाठी घे. मी हात जोडतो, पाया पडतो, काय म्हणशील ते करतो. राहा."

"अजून सांगा."

"मला एकट्यानं म्हातारं व्हायचं नाही. मला भीती वाटते. त्या भीतीपायीच मी ते केलं, आणि ते चूकच होतं. पण भीती अजून आहे. जाऊ नकोस."

तिचा हात माझ्या डोक्यावर होता. तो कधी ठेवला ते मला कळलंच नव्हतं. मग तिनं फोन जवळ ओढला, त्यावर अंगठा टेकवला आणि शून्याचा एक केला, एकाचा दोन. आकडा तिनं मला दाखवला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, वाट बघत.

दहा-बारा मिनिटं गेली असतील.

"उठा," ती म्हणाली. "काय आहे जेवायला?"